सुधारलेलं अक्षर

३ तारीख, सोमवार
आले एकदाची दवाखान्यात, नव्या गोळीच्या चाचणीला. खोली झकास, गादी मऊ, आणि महिनाभर सुनेचं तोंड बघायला नको. माझा हात थरथरतो, चहा निम्मा बशीत नि निम्मा अंगावर. डॉक्टरांनी समजावलं, मेंदूत निरोप उतरायच्या जागा असतात, भलते निरोप तिथं उतरून हात नाचवतात; ही नवी गोळी त्या जागा अडवून बसते. म्हटलं, म्हणजे माझी जाऊ बसमध्ये पिशवी टाकून जागा धरते तसं. डॉक्टर पोट धरून हसले. रोज सकाळी एक पान लिहायचं. मजकूर खासगी, कोणी वाचत नाही. यंत्र फक्त अक्षराची थरथर मोजतं. बरंच झालं. नर्सबाई म्हशीसारखी चालते, टाकलं लिहून.

७ तारीख, शुक्रवार
कप न सांडता ओठाला लागला! यंत्राने सत्तर गुण दिले. चौथीत नापास झालेल्या बाईला सत्तर! गोळ्या आता दोन.

१२ तारीख, बुधवार
जीभ जड. नर्सबाईला टोमणा मारायला गेले, तोंडातून नुसता वारा. भलते निरोप गेले तसे माझेही गेले. जाऊबाईंनी सगळी बस अडवली. सकाळी पेन हातात दिलं की हात तेवढा चालतो. मग बसवतील तशी बसून. काल दुपारभर गालावर माशी. नर्सबाईंना लिहिलं, गोळी थांबवा. त्यांनी पान न बघता पाकिटात घातलं. नियमाच्या पक्क्या.

१७ तारीख, सोमवार
काल मुलगा आला. डोळ्यांनी किती ओरडले. म्हणाला, आई जन्मात पहिल्यांदा गप्प बसली, औषधाला गुण आहे. गाढव. पान समोरच होतं – मला घरी ने, एवढंच त्यात. उचललंन. नर्सबाई म्हणाल्या, खासगी असतं. ठेवलंन. अक्षर काय सुरेख, म्हणाला. गेला.

१९ तारीख
ब्याण्णव. गुण वाढले की गोळ्या वाढवतात; म्हणजे अक्षर बिघडलं तर कमी होतील. मुद्दाम वाकडं काढते – निघत नाही. जोर लावते – सरळच –

२० तारीख
अठ्ठ्याण्णव. डॉक्टरांनी पाठ थोपटली. उद्यापासून तीन. पापणी मिटत नाही – थरथर, ये गं बाई. एकदाच ये –

२१
शंभर.
वाचा – कोणीतरी वा