अद्वयचा उजवा हात

हार्लेम, १४ मे २०२५

चि. अंबरीश यास दिनकरचे आशीर्वाद.

इकडे ठीक. हूफडॉर्पच्या ऑफिसांत आमच्या डब्यांची मागणी वाढली आहे, तुझ्या वहिनीचा, प्रमोदिनीचा, गुडघा कुरकुरतो आहे. तुझी पत्रिका पोचली. ‘आंतरराष्ट्रीय बेसबॉलवीर अद्वय यांचा भव्य सत्कार’. खाली ‘निमंत्रक : वडील’. प्रमोदिनीला मोठ्याने वाचून दाखवली. चहा सांडेपर्यंत हसलो आम्ही.

माझ्याकडे शिकायला आलेला तुझा मुलगा इथल्या डच क्लबात पगारावर चेंडू फेकायला लागला, तेव्हा फोनवर म्हणालास, ‘‘आमच्याकडे दगड मारणाऱ्या पोरांना फटके मिळतात, पगार नाही.’’ मग नऊ हंगाम तुझा फोन नाही. आता त्याचा खेळ संपला, पेपरात चार ओळी आल्या, आणि तुला बाप झाल्याचं आठवलं. ढोलही लावणार आहेस म्हणे. शिवाय तो व्यासपीठावरून चेंडू फेकून दाखवील असं छापलंस. विचारलंस त्याला?

पण शाल-नारळाची हौस फक्त तुलाच, असं कसं लिहू? चार वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाची चाळीस माणसं मी बस करून सामन्याला नेली. नंतर सत्कार, शाल माझ्याच पिशवीत. सरावात त्याचा चेंडू झेलणाऱ्याच्या हातमोज्यात फटाक्यासारखा वाजायचा. त्या दिवशी ओल्या गोणपाटावर पडल्यासारखा वाजला. माझे कान तुला माहीत आहेत. मी कठड्यापाशी गेलो.

‘‘काका, कोपर दुखतंय. कोचला सांगू?’’

‘‘मंडळी आलीत रे. आजचा दिवस काढ.’’

पाचव्या डावात तो मैदानातच खाली बसला. सत्कार मी तरीही उरकला. नारळ त्याने डाव्या हाताने घेतला, तर बायका कुजबुजल्या, पोराला रीत शिकवलेली दिसत नाही. मी टाळ्या वाजवत होतो.

पुढचे हंगाम त्याने त्याच दुखऱ्या कोपरावर काढले; आता उजव्या हाताने फेकणं बंद आहे. दर बुधवारी दुपारी तो क्लबातल्या मुलांना शिकवतो. दहा चेंडू झाले की प्रत्येकाला थांबवून विचारतो, हात दुखतो का? ‘हो’ म्हणालं की बसवतो, आईबाप कितीही कुरकुरोत. मी कठड्याशी उभा राहून ऐकतो.

तुला नाही म्हणणं त्याला जमत नाही. आठवडाभर मागच्या अंगणात डाव्या हाताने फेकून बघतो आहे, तुझ्या व्यासपीठासाठी. चेंडू कुंपणापर्यंतही जात नाही.

सत्कार रद्द कर. तो तिकडे उतरेल तेव्हा विमानतळावर एकटा जा, ढोलाशिवाय. मुलांना तो जे विचारतो, तेच त्याला विचार. आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा.

त्याने सांगूनही न ऐकलेला,
तुझा मोठा भाऊ
दिनकर