इस्त्रीची खोली

सोमवार, ३

पोचले एकदाची दवाखान्यात! वरच्या मजल्यावर पाच नंबरची खोली मिळाली. मोठी खिडकी, स्वच्छ न्हाणीघर, लोखंडी खाट. दादाने खाट हलवून पाहिली, नळ सोडून पाहिला, दाराची कडी चारदा लावली. मी म्हटलं, दादा, आपण ही खोली विकत घेत नाहीयोत. वहिनी इतकी हसली की तिच्या हातून कपड्यांची घडी विस्कटली.

चौदा महिन्यांत मी पहिल्यांदाच विनोद केला असेन. बाइंडिंगच्या कारखान्यात कटिंग मशीनचा दाब डाव्या हातावर आला, तेव्हापासूनचे चौदा महिने. हाड जुळलं, पण नस काही सुधारली नाही. करंगळीपासून कोपरापर्यंत आग. बाहीचा स्पर्श नको, वारासुद्धा नको. फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला होता, बाईंचं दुखणं मनाचं आहे. त्याचं ते तोंड अजून आठवतं.

इथे सहा इंजेक्शनं देतात. डॉक्टर फार हळू बोलतात.

संध्याकाळी तळघरातल्या इस्त्रीवाल्या मावशी वर आल्या. माझ्या हाताकडे पाहिलं आणि न विचारताच उशीचा एक जुना, मऊ अभ्रा इस्त्री करून आणून दिला. एकही सुरकुती नाही. चौदा महिन्यांत हाताखाली सहन झालेलं हे पहिलं कापड.

बुधवार, ५

गेलं! दुखणं गेलं!

सकाळी अकराला पहिलं इंजेक्शन झालं. सुई हातात नाही, मानेत घातली. डॉक्टर मशीनच्या पडद्यावर बघत सांगत होते, पापणी थोडी जड होईल, आवाज बसेल, घाबरू नका. तसंच झालं. मग हात ऊबदार झाला, आणि आग विझली. कुणी तरी बटण बंद करावं तशी.

दोन्ही हातांनी केस विंचरले. वेणी घातली. वेणी घालताना रडले.

खाली काही तरी जड पडल्याचा आवाज आला होता. नर्स म्हणाली, इस्त्री पडली असेल.

शनिवार, ८

काल हात परत दुखू लागला होता. आज दुसरं इंजेक्शन झालं आणि पुन्हा आराम पडला. अभ्र्याबद्दल आभार मानायला खाली गेले.

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डावी बाही कात्रीने कापून टाकलेली. हात हवेत धरलेला, कशालाही लागू नये असा. मी असाच धरायचे. विचारलं तर म्हणाल्या, करंगळीपासून वर, कोपरापर्यंत, बुधवारी अकरापासून.

योगायोग असेल, म्हटलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. हाताला बोटही न लावता त्यांनी सांगून टाकलं, मावशी, हे मनाचं असतं, कामाला लागा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच शब्द!

सोमवार, १०

मावशींनी आज सगळं सांगितलं. नवा पेशंट आला की त्यांना नव्या जागी दुखतं. आधी गुडघा, मग पाठ, मग डोळ्यामागे. सुट्टी मागितली की डॉक्टर म्हणतात, बाहेर गेलात तर बरं करणारं कुणी भेटणार नाही. आठ वर्षं त्या हे खरं मानत आल्या.

मी थेट डॉक्टरांच्या खोलीत गेले. खूप ओरडले, टेबलावर हात आपटला, तोच डावा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुखणं जावं एवढंच तुम्ही सांगितलं होतं. कुठे जावं, ते तुम्ही कधी विचारलंत?"

दादाला फोन केला. तो म्हणाला, डॉक्टरांशी बोलणं झालंय, औषधाने असे भास होतात म्हणे. फोन फेकून द्यावासा वाटला. माझा सख्खा भाऊ!

बुधवार, १२

हात पूर्ण पेटलाय. रात्रंदिवस.

मी तिसरं इंजेक्शन घेतलं.

माहीत असून घेतलं. मान मीच वळवली. सुई आत गेली आणि तळघरातून किंकाळी आली, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं! फोरमन वाईट, डॉक्टर वाईट, आणि मी?

जेवले नाही. आरशात बघवत नाही.

गुरुवार, १३

दुपारी मावशींना बाहेर काढलं. धुण्याच्या गाडीत बसवलं, वर चादरी टाकल्या आणि मागच्या फाटकातून ढकलत नेलं. हात बरा होता म्हणूनच जमलं. त्यांच्याच दुखण्याच्या जोरावर.

बसथांब्यावर त्यांना आत चढवलं. मलाही चढायचं होतं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच बस हलली, मी खाली राहिले. वळणावर खिडकीतून मावशींचा हात दिसला. डावा. जोरजोरात हलवत होत्या.

त्याच क्षणी माझा हात पेटला. रस्त्यातच कोसळले.

शुद्धीवर आले ती इस्त्रीच्या खोलीत. दाराला बाहेरून कडी.

शुक्रवार, १४

नर्सने दारातून चादरींचा गठ्ठा आत टाकला. म्हणाली, दोन नंबरला ट्रक ड्रायव्हर आलाय, कंबरेची नस, चार नंबरला स्कूटरवरून पडलेल्या बाई, जबड्याची नस. आज फक्त दोन नंबर.

अकरा दहा. कंबरेपासून टाचेपर्यंत वीज. जमिनीवर पडून मशीनगत थरथरले. माझा हात वेगळा, हा पाय वेगळा.

डॉक्टर दारात येऊन म्हणाले, मनाचं आहे.

मी त्यांच्या अंगावर थुंकले.

शनिवार, १५

रडायचं नाही. रडले तर राग ओसरेल.

काल रात्री गरम इस्त्रीच्या टोकाने दोन चादरींवर अक्षरं जाळली. एकेक अक्षराला पाच-पाच मिनिटं — पाय उभं राहू देईना. तुमचं दुखणं तळघरात माझ्या अंगात येतं. इंजेक्शन घेऊ नका. घड्या घातल्या, अक्षरं आतल्या बाजूला. सकाळी नर्स त्या दोन आणि चार नंबरला घेऊन गेली.

सोमवार, १७

आज दोघांचंही इंजेक्शन आहे.

वर ट्रॉली फिरतेय. चाक करकरतं.

दोन नंबरपाशी थांबली.

ड्रायव्हरचा आवाज. केवढा ओरडतोय! सुई ठेव खाली म्हणतोय. काही तरी फुटलं — काच —

अकरा दहा. अकरा पंधरा. पाय शांत. वीज नाही!

नाही म्हणाला! त्याच्या कंबरेत आग असताना नाही म्हणाला. हसतेय मी, वेड्यासारखी —

चाक परत —

चार नंबर.

आवाज येत नाही. बाई काहीच बोलत नाहीत. चादर उघडली असेल ना? वाचली असेल ना?

मला माहीत आहे किती दुखतं. मीही मान वळवली होती. तरी — बाई, ओरडा. शिव्या द्या त्याला —

दात — खालचे दात —

नाही म्हणा, बाई, अजून सुई पूर्ण आत नाही, एकदाच नाही म्ह