फ्लॉपीवरचं कुंकू

माय, आज शेजारच्या बाईंच्या कॉम्प्युटरवर विंडोज बसवता बसवता अर्ध्यात अडकलं. पडद्यावर लाल फुली, आणि बाईंचा चेहरा पांढराफटक. "गेलं का हो सगळं?" मी म्हटलं, जरा दम धरा. आधीचं अर्धवट बसलेलं काढून टाकलं, जागा मोकळी केली आणि पुन्हा सुरू केलं. ते हळूहळू पुढे सरकत होतं, तेव्हा तू आठवलीस.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. भंडाऱ्यात नवा कॉम्प्युटर क्लास निघाला आणि मला तिथे शिकवायचं काम लागलं. गावी, एकोडीला, बाबा माझ्या लग्नाच्या मागे होते. तू त्यांच्याशी भांडून माझ्यासाठी एक वर्ष मागून घेतलंस. हे काम हातचं गेलं की मी घरी, आणि दारात मांडव. उद्घाटनाला तू एसटीने आलीस. मी पाहुण्यांना पाणी देतेय तोवर तू यंत्राला टिळा लावलास, आणि शेजारच्या सॉफ्टवेअर भरलेल्या चौकोनी फ्लॉप्या तरी उपाशी का ठेवायच्या म्हणून त्यांनाही ओलं हळदकुंकू! तेही नेमकं त्या उघड्या फटीत, जिथून यंत्र त्यांना वाचतं. सॉफ्टवेअर बसवायला घेतलं तर पहिलीच फ्लॉपी वाचेना. दुसरीही तशीच. क्लासचे सर भडकले, "कोणी केलं हे?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मीनंच लावलं कुंकू, साहेब. पोरीले काही बोलू नोका." सर म्हणाले, सोमवारपर्यंत चालू झालं नाही तर दुसरी बाई बघतो.

दुसऱ्या दिवशी आपण दोघी सॉफ्टवेअरच्या नव्या फ्लॉप्या आणायला नागपूरला गेलो. दुकानात तू काउंटरवर हात टेकून म्हणालीस, "बिना पूजेच्या द्या जी." दुकानदार बुचकळ्यात पडला, आणि मला इतक्या काळजीतही हसू फुटलं. परत येऊन मी आधी यंत्रातला फ्लॉपी वाचायचा, कुंकू लागलेला भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, आणि मग एकेक फ्लॉपी विनातक्रार आत जाऊ लागली. तू दारातच उभी, हात पदराखाली. "आत ये ना." "नाई वो बाई. माह्यानं पुन्हा बिघडन." मी उठून तुला ओढत आणलं आणि तुझंच बोट धरून शेवटची कळ दाबली. पडद्यावर अक्षरं उमटली. सर एवढंच म्हणाले, "सोमवारी वेळेवर ये." मी सगळ्यांदेखत तुझ्या गळ्यात पडले. इतका आनंद मला पुढे क्वचितच झाला, माय.

त्या कामावरच माझं पुढचं सगळं उभं राहिलं. तू जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. हे पत्र टाकायचं तरी कुठे, राहील इथेच टेबलाच्या खणात. आता माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. दसऱ्याला कामावरच्या पोरी पूजेचं ताट घेऊन येतात तेव्हा मी कॉम्प्युटरजवळ कुणाला फिरकू देत नाही. कुंकू आत गेलं की यंत्र बिघडतं, असं सांगते, आणि त्यांना ते पटतं. आताच्या यंत्राला टिळ्याने काही होत नाही, माय. दुसऱ्या कुणी लावलेला मला बघवत नाही, एवढंच.