पांढरे कागद

प्रिय बबडे,

तुझं पत्र पोचलं. जावईबापूंना इथे नोकरी मिळाली, महिनाअखेरीस तुम्ही कायमचे येताय, हे शेजारच्या काकूंना मी दोनदा सांगून आलो. तुझी आई गेल्यापासून घर खायला उठतं. पेपरातल्या आकड्यांत इथली हवा चांगली, छोटीची धाप कमी होईल, असंही तू लिहिलंस. तिच्यासाठी मागच्या खोलीतला पलंग पुसून ठेवला. सकाळी पुसला, दुपारी बोट फिरवलं तर काळं.

आम्हाला या काळ्याचं कधी वाईट वाटलं नाही गं. दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत पांढरेच राहिले की तुझी आई दारात जाऊन बघायची: कारखाना बंद पडला की काय! माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, मुलाच्या दारातून कारखान्याची चिमणी दिसते ना? मग पोरगी उपाशी नाही मरायची. तू चित्रात आकाश राखाडी रंगवलंस, तर बाईंनी बक्षीस दिलं.

मग लोक खोकायला लागले. आमच्या कचेरीच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र आलं. रोज त्यात पांढरा गोल कागद घालायचा, कालचा काळा झालेला काढून काजळीच्या वजनाला पाठवायचा, हे काम माझ्याकडे, शिपायाकडे. पहिल्याच आठवड्यात साहेब ओरडले, यंत्रात काजळी जातेय, बिघडलं तर तुझी खैर नाही. मी अतिशहाणा! तुझं लहानपणीचं मऊ दुपटं चौघडी करून यंत्राच्या तोंडाला बांधलं. कागद पांढरे यायला लागले. पेपरात आकडे छापून आले, शहराला स्वच्छ हवेची ढाल मिळाली. एकदा साहेब गच्चीवर आले, त्यांनी दुपटं पाहिलं आणि ते तसंच राहू देऊन खाली उतरले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: आकडे खोटे होते, आणि साहेबांना तेच हवे होते. तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरली, निवृत्त होईपर्यंत, अकरा वर्षं. तुझी आई ते दुपटं रोज धुवायची, मोरीत शाईसारखं पाणी जायचं. शेवटी धुतानाही तिला धाप लागायची. मी बघत होतो, बबडे. मला लाज वाटते.

माझ्या जागी आलेला शिपाई अजून तसंच फडकं बांधतो. तू वाचलेले आकडे त्यातूनच गाळून आलेत. येऊ नका. पलंग मी उभा करून ठेवतो. माझा राग आला तर भांडायला ये, हक्काने ये. पण एकटी ये, छोटीला आणू नकोस.

तुझाच,
बाबा