चुकलेल्या दगडाबाबत

मी अल्लाबक्ष, वय एकाहत्तर, रेडिओ मेकॅनिक, राहणार जवळा बाजार. डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने लिहीत आहे. खुशी हा शब्द तेवढा खरा नाही.

१. शरीयतप्रमाणे वारसांचे हिस्से वारसांना. मर्जीने देता येणाऱ्या एक तृतीयांशात दुकानाची खोली येते. ती गावातल्या मेंढ्या पाळणाऱ्या मनकर्णाबाईंची नात सीमा हिला द्यावी.

२. छतावरचे यंत्र पुण्याच्या संशोधक मोहिनीताईंचे, १९९९ पासूनचे. उपग्रहांचे संदेश खाली येताना वरच्या हवेत किती अडखळतात, ते यंत्र टिपते. त्यावरून सूर्याकडच्या वादळाने आपल्या डोक्यावर काय उलथापालथ केली, हे ताईंना कळते. यंत्र त्यांना परत करावे. त्याच्या रोजच्या नोंदी मी ज्या वहीत करतो, ती मात्र इथेच लागेल.

३. दिनांक २९ ऑक्टोबर २००३. दुपारी ताईंचा फोन आला. "चाचा, मोठं वादळ आहे. दोन-तीन दिवस उपग्रहाच्या यंत्रावर कुणी जमीन मोजू नका."

माझा मुलगा अशफाक तसलेच हातातले यंत्र घेऊन मनकर्णाबाई आणि शेजारी गोपीचंद यांची हद्द मोजायला निघाला होता. मी अडवले.

"अब्बा, पहिलंच काम हाय. पोटावर पाय देऊ नका."

मी दारातून बाजूला झालो.

त्या मोजणीने हद्दीचा दगड वीस पावले मनकर्णाबाईंच्या रानात गेला. त्यांच्या मेंढ्यांच्या पाण्याचा हौद गोपीचंदकडे गेला. चौथ्या दिवशी मनकर्णाबाईंचा थोरला मुलगा प्रभू, म्हणजे सीमाचा बाप, दगड उपटायला गेला. गोपीचंदने पहार घातली. प्रभू जागीच गेला. खटल्यात मोजणी बरोबर धरली गेली, म्हणून गोपीचंदला शिक्षा कमी झाली. त्या दिवसाचे वादळ माझ्या वहीत होते; मी वही उघडली नाही.

४. माझी रेडिओदुरुस्तीची हत्यारे अशफाकला. दोष त्याच्याआधी माझा.

५. हे माझ्यामागे वाचायचे होते. पण गोपीचंद सोमवारी तुरुंगातून सुटतो, आणि प्रभूचा धाकटा भाऊ शिवप्रसाद रोज त्या दगडाजवळ बसून राहतो. म्हणून आज सकाळी मनकर्णाबाईंना बोलावून सगळे वाचून दाखवले.

"तीन वर्सं तुमच्या घरचा चहा पेले मी, भाईजान. काहून न्हाई सांगितलं?"

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. अशफाक म्हणाला, "मावशी, शिवप्रसादला मीच सांगतो जाऊन."

"नको जाऊ, लेकरा. त्येला आता दगड दिसत न्हाई. त्येला माणूस पाह्यजे."

तरी अशफाक वही घेऊन गेला. दिवस कलला, अजून आलेला नाही. मी सही करीत आहे.

अल्लाबक्ष (सही)

साक्षीदार:
मनकर्णाबाई (डाव्या हाताचा अंगठा)
मुंजाजी, शेजारी (सही)

जवळा बाजार, १४ डिसेंबर २००६