भिंतीपासून भिंतीपर्यंत

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार

नाही, नाही आणि नाही! हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट टाकायचं नाही म्हणजे नाही. स्नेहलला धुळीने धाप लागते. पोर श्वासासाठी तडफडते तेव्हा तिला मांडीवर घेऊन मी बसते. मामा नाही बसत! सासऱ्यांना मामा म्हणायचं आपल्यात. मामासारखे लाड मात्र एकदाही नाहीत.

जेल रोडचं रो-हाऊस महिनाभरात ताब्यात येतंय. टाइल्स बसल्या — बदामी, फार गुळगुळीत नाहीत, कुणाचा पाय घसरायला नको. स्वयंपाकघरात कोटा फरशी, डाग पडला तरी दिसत नाही. सगळं मीच हिंडून हिंडून निवडलं. आता हॉलच्या मधोमध एक छान गालिचा हवा. भोवतीने टाइल्स दिसल्या पाहिजेत, नाहीतर त्या निवडल्या कशाला? रविवारी गालिचा काढून गच्चीवर झटकायचा, की पोरीला धूळ नाही. एवढं साधं! त्यावर मामांचं एकच टुमणं — "टाकायचं तर समदं टाका. कड दिसाया नको."

कड दिसायला नको! हे कोण मोठे डेकोरेटर लागून गेले?

१६ नोव्हेंबर

भूषणला म्हटलं, तुझ्या वडिलांना तू समजाव. "बघू," म्हणाला. लग्न झाल्यापासून बघतोच आहे.

२१ नोव्हेंबर, रविवार

मामांनी आज लाज आणली. मेन रोडच्या दुकानात सगळे गेलो होतो. दुकानदार एकावर एक गालिचे उलगडत होता, मी उलटे करून वीण बघत होते, हात फिरवून बघत होते. मामा चपला काढून दारातच उभे. "बाबा, या की आत, चालतं चपलांनी," दुकानदार म्हणाला. तरी नाहीच. मग आले ते भिंतीला घासत, गालिच्यांच्या कडेकडेने. एकावरही पाय ठेवला नाही! आणि विचारलं काय — "बिनकडाचा नाय का?"

"बाबा, बिनकाठाचं लुगडं असतंय का?" दुकानदार हसला. भूषणही हसला! माझ्या डोक्यात तिडीक गेली. काही न घेता परत.

रिक्षात मामा हळूच म्हणाले, "ब्यांकेच्या सायबाच्या खोलीत हाय तसलं. भितीला भिडलेलं. तिथं कुठं बी बसलं तरी मानूस वरच बसतो."

"मामा, तिथे झाडायला माणूस आहे. आपल्याकडे मीच आहे!"

 

२३ नोव्हेंबर

काल मामा जेवले नाहीत. आज सकाळीही नुसता चहा. गालिच्यापायी उपास! लहान मूल असतं तर दोन धपाटे घातले असते.

सासूबाई म्हणतात, "जाऊ दे गं, म्हाताऱ्याचं मन हाय." बरोबर! या घरात सगळ्यांना मन आहे. मी तेवढी दगड. शाळेतली साठ पोरं सांभाळा, घरचे डबे करा, कडाप्पा की कोटा ते बघा, आणि वर म्हाताऱ्याचं मन!

२८ नोव्हेंबर, रविवार

घेतला! कुणाला न विचारता. शाळेतल्या सविताला घेऊन सेलमध्ये गेले. मरून रंग, कडेने हिरवी वेलबुट्टी, मऊ इतका की हात काढवत नाही. पडद्यांना अगदी शोभतो. घरी उलगडला तेव्हा मामांनी बघितला आणि विचारलं, "ही कड दुमडती का?"

दुमडते म्हटलं. का नाही दुमडणार?

"मंग झालं," म्हणाले आणि उठून गेले. म्हणजे काय? कौतुकाचा एक शब्द नाही!

५ डिसेंबर

नव्या घरी जाऊन आले. थंडी काय पडलीय! टाइल्सवर पाय ठेवला की कळ मस्तकात जाते. मामांचे गुडघे दुखतात म्हणून तर एवढा जाड घेतला. पण ते सांगायचं कुणाला? उपासवाल्यांना?

१९ डिसेंबर, रविवार

आज नव्या घराचा गृहप्रवेश.

सकाळी बुद्धवंदना छान झाली. खीर छान झाली. माझ्या शाळेतल्या सगळ्या बाया आल्या, गालिच्यावर हात फिरवून फिरवून बघितला. दुपारी सायखेड्याच्या पुढून, मामांच्या गावाहून, जीप भरून माणसं आली. त्यांच्यात यादवराव — गावच्या जुन्या पाटलांचे चिरंजीव. पांढरे स्वच्छ कपडे, बोलणं गोड. मी नाशिक रोडच्या कॉलनीत वाढलेली, मला गावचं कोण माहीत? पण मोठा पाहुणा म्हणून अदबीने बसवलं, चहा दिला.

मग मामा बाहेर आले. गालिच्याच्या कडेला सविता बसली होती, तिला सरकायला लावलं. वाकले, स्वतःच्या हाताने गालिच्याची कड दुमडली, चांगली हातभर, आणि उघड्या फरशीवर बसले. त्या बर्फासारख्या फरशीवर! भरल्या घरात!

"बाबा, गार लागेल, वर बसा ना," सविता म्हणाली.

"हितंच बरंय."

यादवराव मोठ्याने हसले. "सावळीराम, अजून सवय गेली नाय व्हय?"

मामाही हसले. कुणाकडे न बघता.

मुद्दाम केलं! माझ्या गालिच्याला सगळ्यांदेखत लाथ मारली. मी आत जाऊन भांडी आपटली. पाहुणे गेल्यावर राहवलं नाही. म्हटलं, "मामा, राग होता तर माझ्या तोंडावर बोलायचं. चारचौघांत माझा पाणउतारा कशाला?"

 मामांनी वाकून ती दुमडलेली कड सरळ केली, तळहाताने दाबून दाबून, आणि खोलीत गेले. भूषण मूग गिळून बसला होता. या घरात कुणी काही बोलतच नाही!

२० डिसेंबर

सासूबाई बोलल्या. भाकरी थापता थापता, मान खाली.

"पाटलाच्या ओसरीवर जाजम असायचं. आपल्या मानसानं जाजमाची कड दुमडायची, मंग उघड्या भुईला बसायचं. यादवचा बाप बोटानं दावायचा — अजून दुमड, अजून. बारक्यापनापासून त्येच केलं त्यांनी. भितीला भिडलेलं दुमडता येत नाय, म्हनून तसलं मागत व्हते. पोरालाबी कधी सांगितलं नाय."

गालिचा गुंडाळून माळ्यावर फेकला. "का गं काढला? सोभत व्हता," मामा म्हणाले. मी त्यांच्या शेजारी गार फरशीवर जाऊन बसले.

काल यादवरावांना "या, वर बसा" म्हणत गालिच्याच्या मधोमध मीच बसवलं. चहा दोनदा दिला.