टीव्हीवरच्या आडव्या रेघा

रविवार संध्याकाळ, मे १९९९

मॅचची शेवटची षटकं, मी कौलांवर अँटेना फिरवत ओरडतोय, "आलं काय?" खालून बायको, "रेघाच आहेत!" शेजारी चुलतभाऊ वसंताने विहिरीवरचा पंप लावला की आमच्या टीव्हीवर आडव्या रेघा. बंद कर म्हणून बोंबललो, त्याने नाही म्हणून मान हलवली. मुद्दाम करतो मेला! उतरलो, पहार घेतली आणि पंप फोडला. तो मध्ये आला तर त्याच्या थोबाडावर ठोसा हाणला. त्याच्या दातांनी माझीच बोटं फाटली. रेघा मात्र गेल्या. चित्र कसं आरशासारखं!

रक्त धुवायला नळ सोडला, तर कोरडा.

बायको म्हणाली, "आपलीच टाकी भरीत होता तो. मी खालून ओरडून सांगत होते. ऐकलंत कुठे?"